क्रीडांगण आणि पंगत : बाळू पालवणकर यांच्या कार्याचा ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

आपल्याकडे इतिहासलेखनाचा विषय म्हणून राज्यकारभार, युद्धे, धर्मसंप्रदाय आणि अलीकडे शेती व व्यापार यांचा जितका विचार झाला आहे, तितका क्रीडेचा झालेला नाही. खेळ हा करमणुकीचा भाग होय, व करमणुकीला इतिहास कसला, अशी एक समजूत अभ्यासकांच्या मनात घर करून बसलेली दिसते. वस्तुतः ज्या समाजात कोणी कोणास स्पर्श करावा, कोणी कोणाबरोबर जेवावे, कोणी कोणत्या विहिरीचे पाणी भरावे याचे नियम जन्माने ठरत होते, त्या समाजात अकरा माणसे एकत्र येऊन एकच चेंडू हाताळतात ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने क्षुल्लक मानावी अशी नाही.

प्रस्तुत निबंधात बाळू पालवणकर यांच्या क्रीडाजीवनाचा व त्यांच्या समाजकार्याचा विचार करावयाचा आहे. जन्माने चांभार, वृत्तीने गोलंदाज, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात अस्पृश्य समाजाचे एक प्रतिनिधी असा हा गृहस्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत असताना ज्यांच्या गौरवात सहभागी झाले, त्याच बाळूंविरुद्ध १९३७ साली ते निवडणुकीच्या रिंगणात उभे होते. या दोन प्रसंगांमधील सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर नीट समजून घेतल्याशिवाय बाळूंचे मूल्यमापन करता येणार नाही, एवढेच नव्हे तर त्या काळातील अस्पृश्योद्धाराच्या चळवळीतील मतभेदांचे स्वरूपही ध्यानात येणार नाही.

लातूर-नांदेडच्या अभ्यासकाने पुण्या-मुंबईच्या क्रिकेटपटूकडे का वळावे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर निबंधाच्या अखेरीस येईल. तूर्त एवढेच सांगावयाचे की, आपल्या भागातील वंचित समाजांतून आलेल्या खेळाडूंचा इतिहास लिहावयाचा झाल्यास प्रश्न कोणते विचारावेत, हे बाळूंच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कोणत्याही उदाहरणावरून होत नाही.

२. पुण्यातील उमेदवारी

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील. गावाच्या नावावरून आडनाव पडले. बाळूंचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात धारवाड येथे झाला. वडील लष्करी सेवेत होते. इंग्रजी फौजेच्या आश्रयाने अस्पृश्य जातींतील काही कुटुंबांना शिक्षणाचा, रोख पगाराचा व गावाबाहेरील जगाचा जो परिचय झाला, त्याचे हे एक उदाहरण होय. आंबेडकरांचे घराणेही याच वाटेने पुढे आले, हे येथे लक्षात घ्यावे. छावणीत गोरे सैनिक क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरविले.

पुण्यात आल्यावर बाळूंना पारशी मंडळींच्या एका क्लबात काम मिळाले. काम म्हणजे मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे, आणि प्रसंगी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे. वेतन महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले व तेथे त्यांना ४ रुपये मिळू लागले. येथेच त्यांच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीला आकार आला. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नाणावलेला इंग्रज फलंदाज रोज लवकर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे खरेखोटेपण बाजूस ठेवले तरी तिच्यातून एक गोष्ट निश्चित उघड होते. बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकला. पण त्यांच्या हाती बॅट देण्याचे त्या क्लबात कोणास सुचले नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान व गोलंदाजी हे नोकराचे कष्ट, अशी ती वाटणी होती.

'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द आज आपण सन्मानाने वापरतो. त्या काळी मात्र खेळासाठी पैसे घेणे हे हलकेपणाचे लक्षण समजले जाई. इंग्लंडातही हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' यांना मैदानात उतरण्यासाठी वेगवेगळी दारे असत. बाळूंच्या बाबतीत या वर्गभेदावर जातिभेदाचा थर चढलेला होता. तथापि ४ रुपयांच्या त्या नोकरीनेच त्यांना जे शिक्षण दिले ते कोणत्याही हौशी खेळाडूस मिळाले नसते, हेही खरे.

३. चेंडू आणि चहाचा पेला

पुण्यातील हिंदूंच्या क्लबास युरोपियनांशी सामने खेळावयाचे होते. बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती सर्वश्रुत होती. अडचण त्यांच्या जातीची होती. क्लबातील काही तेलुगू खेळाडू त्यांना घेण्यास अनुकूल होते. मराठी ब्राह्मण खेळाडूंपैकी कित्येकांचा विरोध होता. अखेरीस जिंकण्याच्या इच्छेने विटाळाच्या भयावर मात केली व बाळूंना संघात घेण्यात आले.

परंतु कोणत्या अटींवर? मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलावा, क्षेत्ररक्षकाने उचलून परत त्यांच्या हाती द्यावा, यास हरकत नव्हती. खेळ थांबला म्हणजे मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर मातीच्या पेल्यात दिला जाई. हात-तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते अस्पृश्य नोकराने आणून द्यावयाचे. आणि जेवणाचे पान वेगळे मांडावयाचे.

येथे क्षणभर थांबून या व्यवस्थेच्या अंतर्गत तर्काचा विचार केला पाहिजे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. चामडे कमावणे व त्याच्या वस्तू करणे हेच ज्या जातीच्या अस्पृश्यतेचे कारण म्हणून सांगितले जाई, त्या जातीचा मनुष्य तोच चामड्याचा चेंडू हाती घेऊन टाकतो आहे, आणि तो झेलताना कोणास विटाळ होत नाही. विटाळ होतो तो पेल्याने. याचा अर्थ असा की, स्पर्श हा अस्पृश्यतेचा खरा गाभा नव्हता. ज्या व्यवहारात बरोबरीची कबुली गृहीत धरलेली असते, त्या व्यवहारापासून दूर ठेवणे हा तिचा गाभा होता. चेंडू टाकणे ही सेवा होती. एका पंगतीस बसणे ही बरोबरी होती. ज्यांना सेवा हवी होती त्यांनी स्पर्शाचा नियम सहज शिथिल केला, आणि बरोबरीचा प्रश्न येताच तो पुन्हा घट्ट केला.

हे व्यंग समकालीनांच्याही ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी ७ बळी घेऊन पुण्याच्या संघास विजय मिळवून दिला. त्यानंतरच्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास संकोच का करावा, असा प्रश्न उपस्थित केला, असे सांगितले जाते. ही हकीकत पालवणकर घराण्याच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. बाळूंचे बंधू विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आठवणी या साधनाच्या मर्यादा उघड आहेत. परंतु दुसरे साधन जे धावफलक, त्याच्या मर्यादा त्याहून मोठ्या आहेत. धावफलकात बळींची संख्या बिनचूक मिळते. चहा कोठे व कशात दिला गेला हे त्यात लिहिलेले नसते. केवळ फलकांवरून जो इतिहास लिहील त्यास मैदानावरील समता दिसेल आणि मैदानाबाहेरील विषमता दिसणार नाही.

४. १९०६ चा सामना

१८९६ च्या अखेरीस पुण्यास प्लेगने ग्रासले. त्यानंतर बाळू मुंबईस आले व कालांतराने बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीस लागले. परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याच्या संघातही त्यांना आरंभी विरोध झाला व तो पुढे मावळला. मुंबईत तेव्हा क्रिकेट हे धर्मवार संघांनी खेळले जात असे. युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने आधीपासून चालू होते. हिंदूंना तेथे स्थान मिळविण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ व १०२ एवढ्याच धावा करता आल्या. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. दोन्ही डाव मिळून बाळूंनी ८ बळी घेतले, व त्यांचे बंधू शिवराम हेही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असताना मिळालेल्या या विजयाचा राजकीय अर्थ लोकांनी लावावा हे स्वाभाविक होते. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने मात्र त्याहून निराळ्या अंगावर बोट ठेवले. उच्चवर्णीयांनी चांभार बंधूंना आपल्या संघात घेतले व त्यांच्या बरोबरीने ते विजयी झाले, ही गोष्ट त्या पत्रास सामन्याच्या निकालापेक्षा अधिक मोलाची वाटली.

याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना झाली. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध होता असे प्रतिपादण्यास पुरावा नाही, व तसे येथे म्हणावयाचेही नाही. परंतु अस्पृश्यतेचा प्रश्न ज्या काळात मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वर येत होता, नेमक्या त्याच काळात हजारो प्रेक्षकांसमोर एक अस्पृश्य गोलंदाज हिंदूंच्या विजयाचा शिल्पकार ठरत होता, हे सहअस्तित्व अर्थपूर्ण आहे. व्याख्यानांनी जे पटवून द्यावयाचे होते त्याचे प्रात्यक्षिक मैदानावर चालले होते.

५. इंग्लंडचा दौरा व त्यानंतरचा सत्कार

१९११ साली पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू व मुसलमान या तिन्ही समाजांतून निवडलेला हा पहिला संघ. त्यात बाळू व शिवराम हे दोघे बंधू होते. सांघिक दृष्टीने दौरा यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले व २ अनिर्णित राहिले. या पडत्या संघात बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी गाठलेली होती.

ते परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते, असे नोंदले गेले आहे. आंबेडकर तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. अस्पृश्य मुलांसमोर अनुकरणीय म्हणून ठेवावे असे आपल्याच समाजातील पुरुष त्या काळी किती होते? संत होते, सैनिक होते; परंतु खुल्या स्पर्धेत, सर्वांना दिसेल अशा रीतीने, उच्चवर्णीय व गोरे या दोघांहूनही सरस ठरलेला समकालीन मनुष्य विरळाच. बाळूंचे समाजकार्य येथून सुरू झाले असे मानावयास हरकत नाही. कारण एखाद्याच्या यशाने समाजात आत्मविश्वास उत्पन्न होणे हेही एक कार्यच होय, मग तो मनुष्य व्यासपीठावरून एक शब्दही न बोलो.

६. कर्णधारपदाचा प्रश्न

बाळूंचे धाकटे बंधू गणपत व विठ्ठल हेही पुढे नामांकित खेळाडू झाले, आणि १९१३ साली चारही बंधू हिंदूंच्या संघातून खेळले. एका कुटुंबातील चौघांनी संघात जागा मिळविली. कर्णधारपद मात्र त्यांच्यापासून दूरच राहिले. त्या वर्षीचे कर्णधार एम. डी. पै यांनी हा मान वास्तविक बाळूंचा होता असे मोकळेपणाने सांगितले, ही गोष्ट त्यांना भूषणावह होय.

१९२० साली हा प्रश्न ऐरणीवर आला. चौरंगी सामन्यांच्या वेळी पै आजारी पडले. ज्येष्ठतेने व कामगिरीने विठ्ठल यांचा हक्क असताना निवड समितीने पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. शिवाय बाळूंना संघातून वगळले. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. देवधर हे स्वतः थोर खेळाडू होते आणि हा वाद त्यांच्या योग्यतेविषयी नव्हता. जातीमुळे कोणाची योग्यता डावलली जावी काय, एवढाच प्रश्न पालवणकर बंधूंनी विचारला होता. लोकमताचा दाब असा आला की, अंतिम सामन्याच्या वेळी पै परतले, दोघे बंधू संघात आले व बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सुमारे पाव शतक खेळलेल्या या गोलंदाजास नेतृत्व लाभले ते असे, आणि तेवढेच.

या घटनेचे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. जानेवारी १९२० मध्ये आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली व शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या नेतृत्वाचा पुरस्कार केला. डिसेंबरमध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यता-निवारणाचे आवाहन केले. विनंतीची भाषा मागे पडून हक्काची भाषा रूढ होत होती. पालवणकर बंधूंचे निवेदन या प्रवाहातच पाहिले पाहिजे. मातीच्या पेल्यातला चहा बाळूंनी मुकाट्याने घेतला होता. कर्णधारपदाचा अन्याय धाकट्या भावांनी मुकाट्याने सोसला नाही. एकाच कुटुंबातील दोन पिढ्यांच्या, किंवा अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर दोन दशकांच्या, वृत्तीतील हा फरक आहे. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली.

७. राजकारणातील बाळू

निवृत्तीनंतर बाळू अस्पृश्य समाजाच्या राजकारणात ओढले गेले. १६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ दिले; त्याविरुद्ध २० सप्टेंबरपासून गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. तडजोड घडवून आणणाऱ्या मंडळींत एम. सी. राजा यांच्यासमवेत बाळू होते, आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचेही नाव आढळते. करारान्वये विभक्त मतदारसंघ गेले. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या.

१९३३ साली ते मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत हिंदु महासभेच्या वतीने उभे राहिले व पराभूत झाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. धर्मांतर हा त्यांना आत्मघात वाटला. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना स्वतंत्र मजूर पक्षाच्या आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. २,०२० मतांच्या या अंतराने आंबेडकर निवडून आले.

बाळूंच्या चरित्राचा हा भाग अभ्यासकास सर्वांत अवघड वाटतो. एक पक्ष म्हणेल की, ज्यांनी बाळूंना मंडपाबाहेर चहा दिला त्यांच्याच बाजूने उभे राहून त्यांनी आपल्या समाजाच्या खऱ्या नेत्यास विरोध केला. दुसरा पक्ष त्यांना समन्वयाचे प्रतीक म्हणून उचलून धरील. प्रस्तुत लेखकास दोन्ही निर्णय अपुरे वाटतात. मनुष्याचे राजकीय मत त्याच्या अनुभवातून घडते. बाळूंचा अनुभव असा होता की, हिंदूंच्या संघात शिरताना विरोध झाला, पण शिरता आले. पंगत वेगळी मांडली गेली, पण मुंबईत ती हळूहळू एक झाली. कर्णधारपद आपणास नाकारले गेले, पण धाकट्या भावास मिळाले. तीस वर्षांत त्यांनी दार थोडे थोडे उघडताना पाहिले होते. म्हणून दार ठोठावीत राहावे, घर सोडू नये, असे त्यांना वाटले.

आंबेडकरांचा अनुभव व त्यावरून काढलेला निष्कर्ष निराळा होता. महाडच्या तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ साली, व नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी १९३० पासून, हजारो अस्पृश्यांनी सत्याग्रह केले आणि दार उघडले नाही. येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. बाळूंसाठी जे दार उघडले ते त्यांच्या डाव्या हाताच्या असामान्य कौशल्यामुळे. ज्याच्याजवळ असे कौशल्य नाही अशा सामान्य अस्पृश्याने काय करावे? बरोबरी ही गुणवत्तेचे बक्षीस म्हणून मिळत असेल तर ती हक्क ठरत नाही. आंबेडकरांच्या राजकारणाचा आधार हा सामान्य मनुष्य होता, आणि याच ठिकाणी त्यांची भूमिका बाळूंच्या भूमिकेहून अधिक दूरदर्शी ठरते. मात्र दूरदर्शित्वाचा अभाव म्हणजे निष्ठेचा अभाव नव्हे, हा विवेक इतिहासकाराने सोडू नये. ११,२२५ मतांचा आकडाही हेच सुचवितो की, त्या मतदारसंघात बाळूंच्या नावाला व मताला मानणारा वर्ग लहान नव्हता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी हा त्यांचा हिशेब नोंदवह्यांत राहिला. पण १९३२ साली हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा ते निवृत्त झालेले होते, आणि कसोटीपूर्व काळाकडे क्रिकेटच्या चाहत्यांनी पाठ फिरविली. दलित चळवळीच्या इतिहासात ते विरोधी बाजूचे म्हणून मागे पडले. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली व प्रशांत किदंबी यांनी २०१९ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांमुळे त्यांची कीर्ती पुन्हा उजेडात आली. ज्या भाषेत पालवणकर बंधू बोलले व लिहिले त्या मराठीत मात्र त्यांच्यावरील सांगोपांग संशोधनास अजून पुष्कळ वाव आहे.

८. दोन तुलना

बाळूंचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होण्यासाठी दोन उदाहरणे पाहू. १८६८ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला जो पहिला क्रिकेट संघ गेला तो तेथील आदिवासींचा होता. ४७ सामन्यांपैकी त्यांनी १४ जिंकले, १४ गमावले व १९ अनिर्णित राहिले. त्यांतील जॉनी मुल्लाघ या अष्टपैलू खेळाडूने १,६९८ धावा काढल्या व २४५ बळी घेतले. परंतु दुसऱ्याच वर्षी, १८६९ मध्ये, व्हिक्टोरिया वसाहतीने कायदा करून आदिवासींनी कोठे राहावे व कोठे काम करावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. मुल्लाघ १८९१ साली वारला. त्याच्या यशाचा त्याच्या समाजास आधार मिळावा, तर त्या यशाचा गौरव करणारी समाजाची स्वतःची संघटना असावी लागते. बाळूंना १९११ साली मानपत्र देणारा संघटित समाज मुंबईत होता. मुल्लाघच्या मागे तसे बळ नव्हते.

दुसरे उदाहरण जयपालसिंग मुंडा यांचे. आजच्या झारखंडातील मुंडा आदिवासींत १९०३ साली जन्मलेले जयपालसिंग ऑक्सफर्डला शिकले व १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या हिंदी हॉकी संघाचे कर्णधार होते, जरी अंतिम सामन्यापूर्वीच ते संघापासून दूर झाले. १९३९ साली ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले, आणि घटना परिषदेत त्यांनी आदिवासींच्या हक्कांची बाजू ठामपणे मांडली. उच्च शिक्षणामुळे जयपालसिंगांना जे वक्तृत्व व जी कायद्याची जाण लाभली ती बाळूंजवळ नव्हती. मैदानावरील कीर्ती मनुष्यास सभेच्या दारापर्यंत नेते. आत गेल्यावर शिक्षण व संघटना यांचीच गरज भासते, हा बोध या तुलनेतून निघतो.

९. समारोप

आता आरंभी राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे वळू. लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर या भागांत तालमींची परंपरा जुनी आहे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रसारानंतर कबड्डी, खो-खो व व्हॉलीबॉल हे खेळ गावोगाव पोहोचले. व्हॉलीबॉलला तर दोन खांब, एक जाळी व एक चेंडू एवढेच साहित्य पुरते, म्हणून तो गरिबांच्या वस्तीतही रुजू शकतो. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, प्रधान या आदिवासी समाजांची वस्ती आहे. या सर्व ठिकाणी जे खेळाडू निपजले, ज्यांना खेळामुळे पोलिसांत, रेल्वेत वा शाळेत नोकरी लागली, आणि ज्यांनी परत येऊन आपल्या वस्तीतील मुलांना शिकविले, त्यांच्या हकीकती लिहून ठेवण्याचे काम आपल्याच विभागांनी केले पाहिजे. वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांत त्यांच्या विजयांचे आकडे सापडतील. परंतु आकड्यांबरोबर हेही विचारावयास हवे की, स्पर्धेच्या गावी ते कोठे उतरले, कोणाच्या घरी जेवले, संघाचा कर्णधार कोण होता व तो कसा ठरला. हे प्रश्न विचारण्याजोगी माणसे आज हयात आहेत. आणखी वीस वर्षांनी ती असतीलच असे नाही.

बाळू पालवणकरांच्या चरित्राने आपणास हे शिकविले आहे की, खेळाडूच्या जीवनाचे निम्मे सत्य मैदानावर असते व निम्मे पंगतीत. पहिले निम्मे लिहून ठेवण्यास धावफलक होते. दुसरे निम्मे विठ्ठल पालवणकरांनी लेखणी हाती घेतली म्हणून आपणास कळले. आपल्या भागात ही लेखणी कोणी तरी वेळेवर हाती घ्यावी, एवढीच या निबंधामागील अपेक्षा आहे.